उडदाच्या पिशवीवरील तीन अक्षरे

मृग नक्षत्र लागण्याच्या बेताला अकोल्याच्या बाजारपेठेत कृषी केंद्रांपुढे जी गर्दी लोटते, तिच्यात बैलगाड्यांची जागा आता मोटारसायकलींनी घेतली असली, तरी बियाण्याची पिशवी हाती घेऊन ती उलटसुलट करून पाहण्याची, वजनाचा अंदाज घेण्याची आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाला, ओळख असो वा नसो, ‘गेल्या साली हे कसं निघालं?’ असे विचारण्याची वऱ्हाडी कास्तकाराची रीत काही बदललेली नाही. पिशवीवर वाणाचे नाव असते, निळ्या चिठ्ठीवर उगवणशक्तीचा आकडा आणि वापराची मुदत असते. आणि उडदाची पिशवी असेल, तर तिच्यावर ‘टीएयू-१’ हे नाव असण्याचा संभव एके काळी इतका मोठा होता की, दुसरे नाव दिसले तर गिऱ्हाईक बिचकत असे. या तीन अक्षरांचा अर्थ काय, हे विचारणारा मात्र क्वचित भेटतो, आणि त्यात नवल नाही. दस्तऐवजावरील मोहोर वाचण्यापेक्षा ती आहे एवढे पाहूनच आपण पुढे जातो.

यांतील पहिले अक्षर ट्रॉम्बेचे, दुसरे अकोल्याचे आणि तिसरे उडदाचे. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरील ट्रॉम्बे येथे भाभा अणुसंशोधन केंद्रात बियाण्यांवर किरणांचा मारा करून त्यांच्या आनुवंशिक गुणांत बदल घडवून आणण्याचे जे काम चालते, त्यातून उपजलेला एक उडीद आणि टी-९ हा जुना वाण यांच्या संकरातून ‘टीएयू-१’ निघाला व १९८५ साली तो महाराष्ट्रासाठी प्रसारित झाला. पुढे १९९१ साली आलेला ‘टीएजी-२४’ हा बुटका, भरघोस शेंगांचा भुईमूग याच दोन गावांच्या सहकार्याचे अपत्य. किरणांचे शास्त्र ट्रॉम्बेला होते, परंतु श्रावणात पंधरा-पंधरा दिवस उघडीप पडते तेव्हा काळ्या भारी जमिनीतला उडीद कसा वागतो, त्याच्या शेंगा एकदमच वाळतात की थोड्याथोड्या, आणि सत्तर-पंचाहत्तर दिवसांत तो शेत मोकळे करतो की नाही, हे ट्रॉम्बेला बसून कळण्याजोगे नव्हते. ते कळण्यासाठी अकोल्याच्या शिवारात रोज सकाळी धुऱ्यावरून हिंडणारा, वही बाळगणारा आणि जे दिसले त्यात नवे कोणते व जुने कोणते हे पारखू शकणारा माणूस लागत होता. आणि तसा माणूस तेथे होता, याचे कारण त्यापूर्वी सोळा वर्षे तेथे एक विद्यापीठ उभे राहिले होते.

वऱ्हाडात संपत्ती नव्हती, असे कोणी म्हणणार नाही. १८५३ च्या तहाने निजामाकडून हा मुलुख इंग्रजांच्या ताब्यात आला, आणि पुढे दहाच वर्षांनी, अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला तेव्हा, वऱ्हाडच्या काळ्या मातीचे मोल एकाएकी साऱ्या जगाला कळले. १८६७ साली आगगाडीचा रस्ता भुसावळहून अकोला, बडनेरा या मार्गाने नागपुरास पोहोचला, कापसाच्या कारभारासाठी खास कमिशनर नेमला गेला, जिन व प्रेस उभ्या राहिल्या, आणि लिव्हरपुलच्या बाजारात उमरावतीच्या, म्हणजे आपल्या अमरावतीच्या, नावावरून ‘ऊमरा’ ही कापसाची एक जातच ओळखली जाऊ लागली. परंतु या साऱ्या उलाढालीचे तोंड बंदराकडे होते. गावाच्या नावाने कापूस विकला जात होता. त्या गावाला कापसाविषयी काही ठाऊक व्हावे, अशी तजवीज मात्र कोणत्याच दप्तरात नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी सरकारी प्रायोगिक क्षेत्रे निघाली आणि १९०६ साली नागपुरास कृषी महाविद्यालय झाले, ते खरे. तथापि त्यांचा व्याप लहान होता, आणि ज्याच्या शेतात हा कापूस पिके, त्याचा मुलगा त्या महाविद्यालयाच्या पायरीपर्यंत पोहोचणे हीच मुळात दुर्घट गोष्ट होती.

ही पायरी चढण्याचा प्रश्न ज्याने आपल्या आयुष्याचा प्रश्न केला, तो मनुष्य अमरावती जिल्ह्यातील पापळ या खेड्यात १८९८ साली जन्मला. एडिंबरो व ऑक्सफर्ड येथे शिकून, वैदिक वाङ्मयातील धर्मकल्पनेचा उदय व विकास या विषयावर प्रबंध लिहून आणि बॅरिस्टरीची सनद घेऊन परत आलेल्या डॉ. पंजाबराव देशमुखांनी विद्यापीठाची मागणी आधी केली नाही. त्यांनी आधी वसतिगृह आणि शाळा काढल्या. १९३२ साली स्थापन झालेल्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेचा विस्तार पुढे खेडोपाडी झाला, आणि ज्या घरांत अक्षरओळख म्हणजे सातबाऱ्यावरील अंगठ्याशेजारची शाई एवढीच होती, त्या घरांतील मुले मॅट्रिक होऊ लागली. १९५२ ते १९६२ या काळात ते केंद्रात कृषिमंत्री होते. भाताच्या जपानी लागवडीचा प्रचार, दिल्लीतील जागतिक कृषी प्रदर्शन, भारत कृषक समाज या त्यांच्या तेथील उद्योगांची वर्णने पुष्कळ झाली आहेत. मला स्वतःला त्यांच्या कार्याचा हा उत्तरार्ध पूर्वार्धापेक्षा दुय्यम वाटतो. शाळा आधी आणि विद्यापीठ मागाहून, हा जो क्रम वऱ्हाडाच्या वाट्याला आला, त्याचे महत्त्व विद्यापीठाच्या इमारतीकडे पाहून लक्षात येत नाही. प्रयोगशाळेतून निघालेले पत्रक गावातील कोणीतरी वाचून दाखवू शकतो की नाही, यावर ते ठरते.

अर्थशास्त्रात याच सुमारास एक मोठी उलथापालथ चालली होती. थिओडोर शुल्ट्झ या अमेरिकन पंडिताने १९६४ च्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, परंपरागत शेतकरी गरीब असला तरी अडाणी किंवा आळशी नव्हे. हाती असलेल्या साधनांतून जेवढे काढता येईल तेवढे तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने काढतच असतो, आणि म्हणून त्याची गरिबी उपदेशाने हटणार नाही. नवी साधने आणि ती वापरण्याचे शिक्षण यांनीच ती हटेल. कपाशीच्या काही तासांनंतर तुरीची ओळ घालणारा, ज्वारीत मूग-उडीद मिसळून पावसाच्या लहरीशी सौदा करणारा आमचा कास्तकार शुल्ट्झला भेटला नव्हता. भेटला असता तर त्याच्या पुस्तकाला एक चांगले उदाहरण मिळाले असते. शिक्षणावरील खर्च हा खर्च नसून भांडवल आहे, या मताच्या या पुरस्कर्त्यास १९७९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याहून आमच्या प्रस्तुत विषयाला जवळचा आहे तो झ्वी ग्रिलिखेस याचा १९५७ चा संकरित मक्यावरील निबंध. आयोवात संकरित मका झपाट्याने पसरला आणि अलाबामात तो कितीतरी वर्षे मागे राहिला, याचे कारण अलाबामाच्या शेतकऱ्याच्या डोक्यात शोधणे व्यर्थ आहे, असे त्याने आकड्यांनिशी दाखवले: आयोवासाठी पैदा केलेले बियाणे अलाबामाच्या मातीत चालतच नव्हते, आणि तेथे चालेल असे बियाणे सिद्ध करणारे कोणी वेळेवर पुढे आले नव्हते. यंत्र आगगाडीत घालून कोठेही नेता येते; बियाणे जेथे रुजायचे तेथेच पुन्हा शोधावे लागते.

अमेरिकेत प्रत्येक राज्याला जमीन देऊन शेती व यंत्रविद्येची महाविद्यालये काढण्याचा १८६२ चा कायदा याच जाणिवेतून, जरी ती तेव्हा इतकी स्पष्ट नव्हती तरी, झाला होता. आपल्याकडे राधाकृष्णन आयोगाने १९४९ साली ग्रामीण विद्यापीठांची कल्पना मांडली, १९६० साली पंतनगरला पहिले कृषी विद्यापीठ निघाले, आणि महाराष्ट्रातील पहिले १९६८ साली राहुरीस झाले. राहुरीचे ज्ञान वऱ्हाडच्या उपयोगाचे कितपत, ही शंका अकोल्याने घेतली ती विद्वानांच्या परिषदेत नव्हे, रस्त्यावर. कृषी विद्यापीठासाठी विदर्भात मोठे आंदोलन झाले. विद्यापीठासाठी लोकांनी मोर्चे काढावेत, ही गोष्ट, विद्यापीठाविरुद्ध मोर्चे काढण्याचीच सवय असलेल्या आजच्या काळात, थोडी चमत्कारिक वाटेल. परंतु ग्रिलिखेसचा निबंध ज्यांनी कधी वाचला नव्हता, त्या लोकांनी त्याचाच सिद्धांत मागणीच्या रूपाने मांडला होता. २० ऑक्टोबर १९६९ रोजी पंजाबराव कृषी विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा पंजाबरावांना जाऊन चार वर्षे उलटली होती. आज विदर्भाचे अकराही जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत.

एकटे विद्यापीठ मात्र काही करू शकत नाही, आणि अकोल्याचे भाग्य असे की ते एकटे राहिले नाही. १९७६ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य बियाणे महामंडळाने, म्हणजे महाबीजने, आपले मुख्यालय अकोल्यास केले; राज्याच्या बीज प्रमाणीकरण यंत्रणेचे मुख्यालयही येथेच आहे. एका गावात वाण शोधणारे, वाढवणारे आणि तपासणारे अशी तिन्ही घरे असणे म्हणजे काय, हे समजण्यासाठी बियाण्याचा प्रवास पाहावा लागतो. संशोधकाच्या हातून जे मूठभर शुद्ध बियाणे निघते ते पैदासकार बियाणे. त्याची चिठ्ठी पिवळी. त्यापासून पायाभूत बियाणे, त्याची चिठ्ठी पांढरी. आणि त्यापासून प्रमाणित बियाणे, ज्याची निळी चिठ्ठी कास्तकाराच्या हाती पडते. या प्रत्येक पायरीवर गुणाकार होतो तो फक्त दाण्यांचा नव्हे. बीजोत्पादक म्हणून नाव नोंदवलेल्या शेतकऱ्याला दुसऱ्या वाणापासून ठराविक अंतर राखावे लागते, फुलोऱ्याच्या वेळी शेतात ओळीने हिंडून वेगळ्या पानाचे, वेगळ्या उंचीचे भेसळीचे झाड ओळखून उपटावे लागते, आणि प्रमाणीकरणाचा निरीक्षक येतो तेव्हा त्याच्याशी वाद घालता येईल इतके ते झाड स्वतःला ठाऊक असावे लागते. दोन-तीन हंगाम हे काम केलेला शेतकरी वनस्पतिशास्त्राचा पदवीधर नसतो, परंतु त्या एका पिकापुरता तो पदवीधराला ऐकत नाही. संकरित कपाशीच्या बीजोत्पादनात तर हे ज्ञान सर्वस्वी बायकांच्या बोटांत उतरले आहे: दुपारनंतर मादी झाडावरील उद्या उमलणाऱ्या कळीचे पुंकेसर नखाने सोलून काढायचे, बीजांडाला धक्का लागू द्यायचा नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर फुलाचा पराग तिच्यावर फिरवायचा. विद्यापीठाचे १९८१ चे ‘पीकेव्ही हायब्रीड-२’ असो की खाजगी कंपन्यांचे वाण असोत, या बोटांवाचून त्यांतला एकही पिशवीत पोहोचला नसता. आणि मजुरीच्या दरात या विद्येची नोंद वेगळी कधी झालेली नाही, हेही येथेच सांगून ठेवावे.

बियाण्याची गोष्ट सर्वांना ठाऊक असते, म्हणून यंत्राची सांगतो. अकोला हे डाळीचे गाव. येथील मोठमोठ्या डाळमिलांत तुरीचे ढीग येतात आणि डाळ होऊन देशभर जातात. तूर पिकवणारा कास्तकार मात्र माघ-फाल्गुनात तूर विकून टाकी आणि वर्षभर त्याच्या घरात डाळ येई ती दुकानातून, हा उलटा व्यवहार इतका अंगवळणी पडला होता की, तो कोणाला उलटा वाटतच नव्हता. घरच्या जात्यावर डाळ होई, परंतु तुरीचे टरफल आणि आतला दाणा यांच्यामध्ये डिंकासारखा एक चिकट थर असतो. तो सुटण्यासाठी दाण्याला चरे पाडणे, तेल-पाण्याचा हात देणे, उन्हात वाळवणे, पुन्हा भरडणे अशी दगदग करावी लागे, आणि एवढे करूनही चुणी फार पडे. विद्यापीठाच्या कृषी अभियांत्रिकी शाखेने सिद्ध केलेल्या ‘पीकेव्ही मिनी डाळमिल’मध्ये तत्त्व नवे काहीच नाही, कुरुंदाचा खरबरीत लेप दिलेला रूळ, चाळण्या, पंखा आणि विजेची मोटार, एवढाच संसार. नवे आहे ते तिचे माप. एका खोलीत मावणारी, गावच्या विजेवर चालणारी आणि एखाद्या बचत गटाला किंवा दोन भावांना मिळून घेता येईल अशी ती गिरणी असल्यामुळे, तूर गावातून जाण्याआधी डाळ होऊ लागली, आणि चुणी-भुसा गावच्याच जनावरांच्या दावणीत राहिला. अशी यंत्रे घडवणारे लोहार-फिटर, ती दुरुस्त करणारे तरुण आणि दाण्याला किती पाणी द्यावे हे हाताच्या अंदाजाने सांगणाऱ्या बाया, हा या शोधाचा दुसरा अर्धा भाग होय; अहवालात तो येत नाही.

येथपर्यंत वाचून कोणाचा असा ग्रह होईल की, वऱ्हाडच्या शेतीतील सारे पालट अकोल्याच्या विद्यापीठाने घडवले, तर तो मोडून टाकला पाहिजे. गेल्या तीस-पस्तीस वर्षांतील सर्वांत मोठा पालट म्हणजे ज्वारी जाऊन सोयाबीन आले तो. आणि ज्या ‘जेएस-३३५’ या वाणावर हे सोयाबीन पसरले, तो जबलपूरच्या विद्यापीठाचा. अकोल्याच्या हातून त्याच सुमारास ज्वारीचा ‘सीएसएच-१४’ हा उत्तम संकरित वाण निघाला होता. पण ज्वारीच मागे पडली, तेथे उत्तम वाण काय करणार? तथापि जबलपूरचा वाण वऱ्हाडात आला तेव्हा त्याची पारख करणारे, त्याचे बियाणे हजारो एकरांवर वाढवणारे, पेरणीची खोली व खताची मात्रा सांगणारे लोक येथे तयार बसले होते. बाहेरचे ज्ञान घेता येण्यासाठी घरात काही ज्ञान आधीच असावे लागते. विरजणावाचून दूध कितीही आणले तरी दही लागत नाही. पुढे अमरावतीच्या संशोधन केंद्रातून सोयाबीनचे स्वतःचे वाण निघू लागले, ते या विरजणामुळेच.

ज्ञानाचा प्रवाह विद्यापीठाकडून शिवाराकडेच वाहतो असे मानणाऱ्यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यातल्या नांदेड या गावची हकीकत लक्षात ठेवावी. दादाजी खोब्रागडे या दीड एकराच्या धनी असलेल्या शेतकऱ्याला १९८३ साली ‘पटेल-३’ या भाताच्या शेतात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला ठेवल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षे निवडल्या, आणि जो बारीक दाण्याचा तांदूळ हाती आला, त्याला एका व्यापाऱ्याने त्या काळी लोकप्रिय असलेल्या मनगटी घड्याळाचे नाव दिले: एचएमटी. १९९४ साली त्याचे बियाणे विद्यापीठाच्या सिंदेवाही केंद्रात गेले आणि १९९८ साली ‘पीकेव्ही-एचएमटी’ हा वाण प्रसारित झाला. हे आपलेच धान, नाव मात्र विद्यापीठाचे, असे दादाजींचे म्हणणे. शुद्धीकरण करून सिद्ध केलेला हा वाण आहे, अशी विद्यापीठाची बाजू. २००५ साली राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा सन्मान झाला, २०१८ साली ते हलाखीतच वारले. शुद्धीकरणाला शास्त्र लागते हे मान्य करूनही मला असे वाटते की, वेगळी लोंबी दिसणे हे पहिले आणि अवघड काम आहे. त्या शेतातून रोज जाणारे आणखी किती तरी डोळे होते. शेतकऱ्याने निवडलेल्या वाणावर शेतकऱ्याचा हक्क नोंदवण्याची सोय करणारा कायदा २००१ साली झाला. बियाण्याच्या नावातील एखादे अक्षर एखाद्या खेड्यासाठी राखून ठेवण्याची पद्धत मात्र अजून पडलेली नाही.

आता उरले ते विद्यापीठाचे सर्वांत मोठे पीक, म्हणजे पदवीधर. अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षी प्रत्येक विद्यार्थी काही आठवडे एखाद्या खेड्यात काढतो. मुलांना कृषिदूत म्हणतात, मुलींना कृषिकन्या. गावाचा नकाशा रांगोळीने काढणे, बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक दाखवणे, सरपंचाची सही घेणे हा त्यांतील उपचाराचा भाग. पण ज्या घरी ओसरीवर पथारी पडते, त्या घरच्या म्हाताऱ्याशी रात्री होणारे बोलणे कोणत्याच वहीत लिहिले जात नाही आणि पुष्कळदा तेच लक्षात राहते. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, जेथे विहिरीला पाणी लागले तरी ते पिकाला देता येत नाही, तेथे शेततळ्याचे महत्त्व वर्गात जितके कळते त्याहून एका खारट पेल्याने अधिक कळते.

पदवी हाती आली की यांतील पुष्कळ जण पुण्याची वाट धरतात आणि स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत वर्षामागून वर्षे काढतात. काही बँकांत जातात, काही बियाणे कंपन्यांत; थोडे घरच्या शेतीकडे परततात, आणि त्यांच्याकडे गाव अजूनही थोड्या दयेने पाहते. जे परीक्षा उत्तीर्ण होऊन कृषी अधिकारी होतात, त्यांची नेमणूक सरकारी हुकुमाने होते, मातीच्या जातीने नव्हे. त्यामुळे चार वर्षे काळ्या जमिनीतील कपाशी-तुरीवर घासलेला वऱ्हाडी मुलगा कोकणात जांभ्यावरील भाताची पाहणी करताना आढळतो, आणि कोल्हापूरकडचा, उसाच्या फडात वाढलेला तरुण अकोला जिल्ह्यातील एखाद्या तालुक्यात रुजू होतो. पहिल्या पावसाळ्यात तो धुऱ्यावर उभा राहून विचारतो, ‘काका, डवरणी म्हणजे नेमकं काय?’ आणि काका बैल थांबवून, डवरा उचलून, त्याला समजावून सांगू लागतात.